ओट्यावरचा दगड

बऱ्हाणपूरचे नाव निघाले की फारुकी सुलतान, मोगल सुभेदार आणि दक्षिणेच्या मोहिमा यांचीच आठवण प्रथम होते. परंतु तापीकाठच्या या शहरात राजांच्या इतिहासाबरोबर आणखी एक इतिहास उभा आहे आणि तो आहे दगडांचा. कोणत्या कामाला कोणता दगड लावावा, हा प्रश्न तेथील गवंड्यांना आणि पाथरवटांना पदोपदी सोडवावा लागला. आज तोच प्रश्न स्वयंपाकघराचा ओटा बांधताना साध्या गृहस्थापुढे येतो आणि त्याचे उत्तर बहुधा दुकानातील चकाकी पाहून दिले जाते. चकाकी ही दगडाची जात नव्हे, हे बऱ्हाणपूरच्या जुन्या वास्तू चांगले शिकवितात.

या मुलखाचा मूळ दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि निवून कठीण झाले. शास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात. राजा अली खान फारुकी याच्या काळात, १५९० च्या सुमारास, बांधलेली येथील जामा मशीद काळ्या दगडाची आहे. अरबी लेखाबरोबर तेथे संस्कृत शिलालेखही कोरलेला असून, चार शतके लोटल्यावरही तो पाहावयास मिळतो. भार वाहावयाचा, ऊनपाऊस सोसावयाचा आणि अक्षर जपावयाचे, या कामांना दगड कसा लागतो याचा हा पुरावाच होय.

घराघरांतील जाती आणि पाटे-वरवंटेही याच जातीच्या दगडाचे होत. तेथे मात्र गुळगुळीतपणा हा दोष ठरे. पाटा झिजून तुळतुळीत झाला की चटणी नीट वाटली जात नसे; मग टाकीवाल्याला हाक मारून त्याला पुन्हा टाके घालून घ्यावे लागत. ओट्याची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याने पाणी, तेल, हळद काहीच आत घेऊ नये अशी आपली अपेक्षा असते. काळ्या पाषाणात वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेली छिद्रे असतात आणि त्याला भेगाही फार असतात. त्यामुळे लांबरुंद, निर्दोष लादी त्यातून सहसा निघत नाही. पाट्याचा उत्तम दगड ओट्याला चालेलच असे नाही.

दुसरा दगड संगमरवर. शहाजहानची बेगम मुमताजमहल हिचा अंत १६३१ साली बऱ्हाणपुरातच झाला. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले आणि नंतर आग्र्यास नेले. तेथील ताजमहालासाठी राजस्थानातील मकराण्याचा संगमरवर आला. स्मारकासाठी तो शोभिवंत खरा. परंतु संगमरवर म्हणजे रूपांतर पावलेला चुनखडक. आम्ल लागताच चुना विरघळू लागतो. ताजमहालाच्या भिंतीवरील डाग काढण्यास पुरातत्त्व खात्याला मुलतानी मातीचे लेप द्यावे लागतात. ज्या ओट्यावर रोज लिंबू चिरावयाचे आणि चिंचेचा कोळ काढावयाचा, तेथे संगमरवराची झिलई किती दिवस टिकणार? लिंबाचा एक थेंब तासभर राहिला तरी तेथे फिकट वण उठतो.

हाच चुना बऱ्हाणपूरच्या पाण्यातही भेटतो. अब्दुल रहीम खानखानान याच्या कारकीर्दीत, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भुयारी मार्गाने शहरात आणण्याची योजना झाली. कुंडी भंडारा या नावाने ती प्रसिद्ध आहे आणि २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत तिचा समावेश झाला. शंभरांहून अधिक कुंड्या भुयाराने जोडलेल्या असून पाणी केवळ उताराने वाहते. त्या भुयारांच्या भिंतींवर क्षारांची पुटे चढलेली दिसतात. काळ्याभोर ओट्यावर नळाभोवती जे पांढरे कडे उमटते, तेही याच जातीचे. तो दगडाचा दोष नव्हे. जड पाणी वाळून मागे राहिलेला तो चुना होय.

ओटा ही गोष्ट मात्र आपल्याकडे तशी अलीकडची आहे. चूल जमिनीवर, तिच्या शेजारी वैल आणि समोर पाटावर बसलेली गृहिणी, असेच पिढ्यान् पिढ्या चालत आले. शेणाने सारवलेल्या भुईवर दगडाच्या निवडीचा प्रश्नच नव्हता. युरोपात १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या स्थापत्यविशारद स्त्रीने फ्रँकफुर्ट शहरातील कामगारवस्त्यांसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखले. गृहिणीची पावले आणि श्रम वाचावेत, हा त्यामागील हेतू होता. आपल्याकडे स्टोव्ह आणि पुढे गॅसची शेगडी आली, तशी चूल भुईवरून वर उठली आणि तिच्याबरोबर गृहिणीही उभी राहिली. या बदलाचे मोल मोठे आहे. म्हणूनच ओट्याची पहिली परीक्षा दगडाची नसून उंचीची असते. उभे राहून कोपरे वाकविली असता ओटा त्यांच्याखाली चार-पाच इंच असावा. रोज ज्या व्यक्तीने तेथे राबावयाचे, तिच्या मापाने तो बांधावा. शेजाऱ्याच्या मापाने नव्हे.

प्रारंभी ओट्यावर शहाबादी, कोटा आणि कडप्पा या फरश्या बसल्या. या तिन्ही चुनखडकाच्याच जातीच्या. त्या स्वस्त आणि मजबूत असल्या, तरी आम्लाला आणि तेलाला भितात. त्यांच्यामागून आला ग्रॅनाइट. हा काळ्या पाषाणासारखाच तप्त शिलारसापासून झालेला दगड. फरक इतकाच की काळा पाषाण भूपृष्ठावर झटपट निवला, तर ग्रॅनाइट पृथ्वीच्या पोटात लक्षावधी वर्षे सावकाश निवत राहिला. त्यामुळे त्याचे स्फटिक मोठे आणि एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. त्यातील गारगोटी इतकी कठीण असते की पोलादी सुरीचा तिच्यावर ओरखडा उमटत नाही.

तथापि बाजारात ग्रॅनाइट हे नाव फार सैल वापरले जाते. आंध्र प्रदेशातील चिमाकुर्तीचा सोनेरी ठिपक्यांचा काळा दगड ‘ब्लॅक गॅलॅक्सी’ म्हणून जगभर जातो. भूशास्त्राच्या दृष्टीने तो गॅब्रो आहे. कर्नाटकातील चामराजनगरकडचा काळाही खरा ग्रॅनाइट नसून डोलेराइट होय. हे दोन्ही काळ्या पाषाणाचे जवळचे नातलग आहेत. त्यांत गैर काहीच नाही. दाट असल्यामुळे ते ओट्याला उत्तमच. गैर आहे ते करड्या दगडाला रंग चढवून काळा म्हणून विकणे.

यावर उपाय सोपा आहे. दुकानातून तुकडा घरी आणावा. नखरंग पुसण्याचे अॅसिटोन पांढऱ्या फडक्यावर घेऊन तो घासावा. फडके काळे झाले तर दगड रंगविलेला आहे. मग त्यावर पाणी, तेल आणि लिंबाचा रस यांचे थेंब वेगवेगळे ठेवून पाव तास थांबावे. पाण्याने दगड गडद झाला तर तो पाणी पितो. लिंबाच्या जागी झिलई गेली तर त्यात चुना आहे. थेंब जसेच्या तसे राहिले तर निःशंक मनाने घ्यावा. दोन सेंटिमीटर जाडीच्या लादीचा एक चौरस मीटर सुमारे ५४ किलो भरतो. तेव्हा खालचा आधारही तितकाच पक्का हवा. शेगडीसाठी वा मोरीच्या भांड्यासाठी जेथे लादी कापलेली असते, तेथे ती सर्वांत दुबळी. त्या जागी खलबत्ता कुटू नये, की वर चढून उभे राहू नये.

निगा थोडकी पण नित्याची हवी. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावे आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, म्हणजे चुन्याचे कडे धरणारच नाही. तापलेले भांडे अडणीवर ठेवावे. तेलाचा डाग पडल्यास खाण्याच्या सोड्याचा दाट लेप रात्रभर झाकून ठेवावा. फरशी धुण्याचे वा गंज काढण्याचे तीव्र आम्ल मात्र ओट्याजवळ आणू नये. फिकट रंगाचा दगड पाणी पिऊ लागला, तर त्याला पुन्हा संरक्षक द्रव लावून घ्यावा.

एक गोष्ट शेवटी सांगावयास हवी. दगड कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात साचते आणि सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. मध्य प्रदेशातच मंदसोरच्या कारखान्यांतील मजुरांनी मुलांच्या पाटीवरील पेन्सिली घडविताना हा रोग पत्करला. कृत्रिम दगडात गारगोटीचे प्रमाण ग्रॅनाइटहून कितीतरी अधिक असते; म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या लाद्यांवर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्ये ती कमी असली तरी असतेच. घरी लादी कापावयास येणाऱ्या कारागिराला पाणी सोडून कापावयास सांगणे आणि त्याला योग्य मुखपट्टी मिळते की नाही हे पाहणे, हे घरधन्याचे कर्तव्य आहे. त्यासाठी एखादा तास अधिक गेला, तर जाऊ द्यावा. टाकीचे घाव दगडाने सोसावेत. माणसाच्या छातीने नव्हे.