छापील इशारा आणि समक्ष संभाषण

प्रतिजैविके कोठे देऊ नयेत हे वैद्यकीय व्यावसायिकांना शिकविण्याचा आरंभीचा इतिहास बव्हंशी छापील सूचनांच्या अपयशाचा आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1949 साली अमेरिकेत विक्रीस आलेले हे औषध विषमज्वरावर गुणकारी ठरले. परंतु लवकरच ते साध्या पडशा-खोकल्यावरही दिले जाऊ लागले. क्वचित त्यामुळे अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती बंद पडून रुग्ण दगावतो, हे उघड होताच 1952 साली शासनाने वेष्टनावर इशारा छापणे सक्तीचे केले. विक्री एकदम घसरली. आणि काही वर्षांतच पुन्हा पूर्वपदावर आली. इशारा होता तेथेच होता! 1967-68 साली सिनेटर नेल्सन यांच्या उपसमितीपुढे जाहीर साक्षी झाल्यानंतरच तिला टिकाऊ उतार पडला.

तेव्हा केवळ अज्ञान हे कारण मानणे अपुरे होय. वैद्याला साक्षात येऊन भेटत असे तो औषध कंपनीचा प्रतिनिधी. प्रशासन भेटत असे ते कागदावर. हार्वर्डचे जेरी ॲव्हॉर्न व स्टीफन सूमराय यांनी विक्रेत्याची हीच रीत उलट हेतूने योजिली. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 435 डॉक्टर होते. निवडलेल्या औषधांत सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविकही होते. काहींना केवळ टपालाने मजकूर गेला, तर काहींकडे त्याच्या जोडीने औषधशास्त्राचे जाणकार प्रत्यक्ष गेले. भेटी झालेल्यांनी त्या औषधांचा वापर तुलनागटापेक्षा 14 टक्क्यांनी कमी केला. नुसत्या टपालाने तसा बदल घडला नाही.

त्याच वर्षी विल्यम शाफनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेनेसी राज्यातील प्रयोग प्रसिद्ध केला. तो सर्वस्वी प्रतिजैविकांविषयी होता. तेथेही पत्रक निष्फळ ठरले. मात्र औषधशास्त्राच्या जाणकाराचा प्रभाव बेताचाच पडला आणि खरा फरक पडला तो समव्यवसायी डॉक्टर भेटावयास गेल्यावर.

या दोन निष्कर्षांतील विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही. समक्ष बोलण्यात समोरच्याला आपली अडचण मांडता येते, 'रुग्णच औषध मागतो' असे म्हणता येते आणि त्यावर उत्तर ऐकता येते. पत्रकात ही सोय नाही. परंतु तेच वाक्य कोणाच्या तोंडून येते यावर त्याचे वजन ठरते, हे टेनेसीने दाखविले. सूमराय व ॲव्हॉर्न यांनी 1990 साली या पद्धतीची तत्त्वे मांडली. त्यांत डॉक्टरांची पूर्वीची समजूत व प्रेरणा आधी जाणून घेण्यास, तसेच सांगणाऱ्याची विश्वासार्हता प्रस्थापित करण्यास स्थान मिळाले.