प्रभावनेत आज काय?



पूजा आटोपली की मुलं हाच प्रश्न विचारतात. हातावर पडलेल्या वस्तूलाच आपण प्रभावना म्हणू लागलो. मूळ अर्थात वस्तू नाहीच. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात प्रभावना हे सम्यग्दर्शनाचं आठवं अंग आहे: अज्ञानाचा अंधार हटवून जिनशासनाचा महिमा प्रकट करणं. वाटप नंतरचं. बत्तासे, नारळ, मग स्टीलच्या वाट्या आणि आता प्लॅस्टिकचे डबे. माझ्या माळ्यावर असे कितीतरी पडलेत.

दहाव्या शतकात कर्नाटकातल्या अत्तिमब्बेनं पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १००० प्रती करवून वाटल्या, असं परंपरा सांगते. छापखाना नव्हता, ताडपत्रावर एकेक प्रत हातानं लिहायची! लोक तिला दानचिंतामणी म्हणत. लक्कुंडीचं जिनालयही तिनंच बांधवलं.

आज एका डब्याच्या पैशात भक्तामराची छोटी पुस्तिका येते. मात्र ती रद्दीत गेली तर अविनय होतो, म्हणून मोठ्यांपैकी वाचणाऱ्यांनाच विचारून द्यावी. मुलांना वही आणि पेन्सिल. पर्युषणासाठी मी एवढंच आणणार आहे. सासूबाईंनी मान्य केलं, पण बत्तासा हवाच म्हणाल्या. तो असेलच.