'मशीन थोडा करंट मारतंय' म्हणजे नेमकं काय? कटर, ग्राइंडर आणि एक्स्टेन्शन बोर्ड वापरताना हे माहिती हवंच

नांदेड असो की लातूर, उन्हाळा आला की गल्लोगल्ली बांधकामं सुरू होतात. फरशीवाल्याचा कटर, सुताराची ड्रिल मशीन, ग्रिलवाल्याचा ग्राइंडर, सगळं शेजारच्या घरातून ओढलेल्या एकाच बोर्डावर चालतं. त्या बोर्डाच्या वायरला बऱ्याचदा प्लगच नसतो. सोललेली दोन टोकं सॉकेटमध्ये घालायची आणि निसटू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या खोचायच्या. मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. तक्रार केली तर गुत्तेदाराचं उत्तर ठरलेलं असतं, "थोडा करंट मारतंय, चप्पल घाल."

झिणझिण्या येतात याचा अर्थ मशीनच्या बॉडीवर वीज उतरली आहे. चप्पल कोरडी आहे तोवर अंगातून जाणारा प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्यांवर भागतं. फरशी कापताना सोडलेलं पाणी पायाखाली आलं, अंग घामाने भिजलं, की त्याच मशीनमधून कित्येक पट जास्त प्रवाह जातो. आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्टचा आहे. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो.

आता तुम्ही म्हणाल, एमसीबी आहे की. पण ६ अँपिअरचा एमसीबी ६००० मिलिअँपिअरपर्यंत हलतही नाही. त्याचं काम वायर जळू न देणं हे आहे, माणूस वाचवणं नाही.

तिसरी पिन कशासाठी?

धातूच्या बॉडीच्या मशीनला तीन तारांची वायर असते. तिसरी, हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार म्हणजे अर्थिंग. आत फेज बॉडीला टेकली तर वीज या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा एमसीबी उडतो. पण बोर्डाची वायरच दोन तारांची असेल, तर मशीनची तिसरी पिन नुसती शोभेची राहते. तिसरी पिन कापून दोन पिनच्या सॉकेटमध्ये प्लग बसवला तरी तेच.

काही मशीनला मुळातच दोन पिनचा प्लग असतो. त्यावर चौकोनात चौकोन अशी खूण दिसली तर ती 'डबल इन्सुलेटेड' आहे, तिला अर्थिंग लागत नाही. पण हवेच्या जाळीतून पाणी आत गेलं की हे संरक्षण संपलं.

मराठवाड्यात अर्थिंगचा आणखी एक घोळ आहे. इथली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते. कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही आणि भेगांमुळे अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटते. घर बांधताना मीठ-कोळसा घालून केलेला खड्डा पुढे कुणी बघत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, अशा उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी कोण ओतणार? पण धुण्या-भांड्याचं पाणी तिकडे वळवलं तरी फरक पडतो.

म्हणून आरसीसीबी हवा, तोही ३० मिलिअँपिअरचा. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडला की तो क्षणात पुरवठा तोडतो. अर्थिंग कमजोर असलं तरी तो चालतो. फक्त तेव्हा माणसाला आधी एक झटका बसतो. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर मात्र त्याला काही कळत नाही. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघावं. दाबूनही बंद झाला नाही तर तो बदलायचा.

वायर गरम का होते?

मशीनवर वॅट लिहिलेले असतात, त्याला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. १२०० वॅटचा मार्बल कटर सव्वापाच अँपिअर घेतो, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटची जवळपास सगळी ताकद. १५०० वॅटचा ब्रेकर साडेसहा अँपिअर मागतो. तो १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवरच लावावा. कटर चालू असलेल्या छोट्या बोर्डावर कूलर आणि चहाची शेगडी जोडणं म्हणजे बोर्ड वितळायची वाट बघणं.

वायरची जाडीही बघावी लागते. ०.७५ चौरस मिलिमीटरची ३० मीटर वायर ६ अँपिअरला सुमारे ९ व्होल्ट खाते, आणि तेवढी शक्ती उष्णता होऊन वायरमध्येच राहते. त्यात संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी असेल तर मोटार कण्हत चालते आणि वाइंडिंग जळतं. दीड चौरस मिलिमीटर, तीन तारांची, तांब्याची, आयएसआय मार्क असलेली वायर घेतली तर हे नुकसान निम्म्यावर येतं. रिळावरची वायर पूर्ण उलगडूनच वापरावी. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही, आतले वेढे एकमेकांना चिकटतात.

काळ्या टेपने केलेला जोड पाण्यात किंवा पायाखाली ठेवण्यासारखा नसतो. बोर्ड जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा खिळ्याला टांगावा. वायरला सॉकेटच्या खाली थोडा झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न शिरता तिथेच टपकतं.

चकती बदलताना नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर बटण बंद असूनही मशीनमध्ये वीज राहते. शिवाय धक्का लागून बटण चालू होऊ शकतं. प्लग काढूनच हात घालायचा. आणि मोठी चकती बसावी म्हणून ग्राइंडरचं गार्ड काढून फेकणारे बोटं कशी वाचवतात हे त्यांनाच ठाऊक.

शॉक लागलाच तर?

चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद करायचा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला सारायची. माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची. सोशल मीडियावर फिरणारा मातीत किंवा वाळूत पुरण्याचा उपाय निरुपयोगी आहे, त्यात मोलाची मिनिटं जातात. आणि जबर झटका बसलेला माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यावा. हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड बाहेरून दिसत नाही.