सोबती निवडण्याचा खेळ

स्कॉटलंडात वाढलेला गोल्फ १८२९ साली कलकत्त्यास क्लब स्थापन होऊन आपल्या देशात रुजला. आज मानेसरजवळ जॅक निक्लॉस यांनी आखलेले २७ होलांचे मैदान आहे.

या खेळात ‘वुल्फ’, म्हणजे लांडगा, नावाचा पैजेचा एक प्रकार आहे. चौघे पाळीपाळीने लांडगा होतात. इतरांचा पहिला फटका पडताच लांडग्याने ठरवावयाचे, हा सोबती हवा की नको. नाकारलेला त्या होलापुरता पुन्हा मिळत नाही. ज्या पक्षातील एकाचे फटके सर्वांत कमी, तो पक्ष जिंकला. रूढ हिशेबात लांडगा व सोबती जिंकल्यास त्यांस दोन-दोन गुण, हरल्यास प्रतिपक्षास तीन-तीन. एकट्याने तिघांस हरविल्यास चार. हरल्यास तिघांस एकेक.

हे गुण मांडताना याच हरियाणातील पानिपत आठवते. सूरजमल जाट मराठ्यांपासून दुरावला, शुजाउद्दौला अब्दालीस मिळाला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ उत्तरेतील प्रबळ सोबत्यावाचून लढले. तथापि, पराभवानंतर वाताहत झालेल्या मराठ्यांस आश्रय दिला तो त्याच सूरजमलाने. लांडग्याच्या नियमात अशा सोबत्यास गुण नाहीत. इतिहासाने मात्र त्याची नोंद ठेवली.

प्रत्येक बदलीगणिक सोबती गमावणाऱ्या आम्हा सरकारी नोकरांस ती नोंद मोलाची वाटते. परमुलखात अडल्यावेळी दार उघडणारे हे मंडळ पन्नास वर्षे तेच करीत आले आहे. आमची पैज मात्र चहापुरतीच!