खडू-फळ्यावरची चित्रकला : महाराष्ट्रातील कलाशिक्षकाच्या घडणीचा इतिहास

महाराष्ट्रातील सरकारी आणि अनुदानित माध्यमिक शाळांत चित्रकलेच्या तासाला स्वतंत्र दालन किंवा पुरेसे रंगसाहित्य क्वचितच लाभले, आणि ही उणीव सहसा निधीच्या तुटवड्यावर ढकलली जाते. परंतु चित्रकलेचा शिक्षक घडवण्याची पद्धत मुंबई इलाख्यात कशी आकाराला आली हे पाहिले, तर हा तुटवडा त्या पद्धतीने आरंभापासूनच गृहीत धरला होता असे दिसते.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेले ‘सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट’ मुख्यतः कारागिरांच्या हाताला वळण लावण्यासाठी होते. तेथील शिक्षणावर लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीची छाप होती. आधी छापील नमुन्यांवरून रेषा गिरवायची, मग प्लास्टरच्या ओतीव प्रतिकृती समोर ठेवून छायाप्रकाश साधायचा, आणि अशा ठरावीक पायऱ्या चढत पुढे जायचे, असा तिचा क्रम असे. कल्पकतेला तीत फारसा वाव नव्हता, मात्र तोच धडा त्याच क्रमाने कोठेही देता येई, आणि तुटपुंज्या साधनांच्या शिक्षणखात्याला ती सोयीची वाटावी हे स्वाभाविक होते. १८७९ मध्ये चित्रकलाशिक्षणाचा विषय या संस्थेत सुरू झाला आणि १८९३ मध्ये चित्रकलेचे शिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम निघाला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स तेव्हा संस्थेचे प्रमुख होते. तरी गावोगावच्या वर्गांत अजिंठा पोहोचला नाही, पोहोचले ते पट्टी, परकार आणि मुक्तहस्तचित्र, म्हणजे उपकरणाच्या मदतीवाचून काढलेली समतोल आकृती.

या शिक्षणाला खरा आधार दिला तो परीक्षांनी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या नावांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखल्या गेलेल्या श्रेणी परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती हे विषय स्थिरावले, आणि त्यांचे आयोजन पुढे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कला संचालनालयाकडे आले. वस्तुचित्रासाठी घरातील बादली, तांब्या, एखादे वांगे वा दोन कांदे पुरत. स्मरणचित्राला, म्हणजे पाहिलेला प्रसंग आठवून काढलेल्या चित्राला, तेवढेही लागत नसे. ज्या शाळेत प्रयोगशाळेची काचपात्रेसुद्धा अपुरी असत, तिथला विद्यार्थीही या परीक्षेला बसू शके, हे या व्यवस्थेचे निर्विवाद यश आहे, आणि तिच्यावर टीका करणाऱ्यांनी ते सहसा लक्षात घेतलेले नाही. दुसरीकडे, कागदाच्या चौकटीत ठरावीक वेळेत बसणारे तेवढेच चित्र, अशी समजूत तिनेच रुजवली.

शिक्षक होऊ पाहणाऱ्याची परीक्षा मात्र वर्गातच होई. पुढे ए.टी.डी. या आद्याक्षरांनी परिचित झालेल्या कला शिक्षक पदविकेत सराव पाठांना महत्त्वाचे स्थान मिळाले. सराव पाठ म्हणजे छात्राध्यापकाने जवळच्या शाळेत खऱ्या विद्यार्थ्यांपुढे घेतलेला तास, ज्यासाठी उद्दिष्टे, प्रस्तावना आणि विवेचन यांचे टाचण आधी लिहून काढावे लागते, आणि ज्यावर वर्गाच्या मागे बसलेले मार्गदर्शक शेरा देतात. भरगच्च वर्ग, निम्म्या मुलांजवळ रंगपेटी नाही, तासिका जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाची, अशा स्थितीत फळ्यावर झरझर रेखाटन करून वर्ग धरून ठेवणे हेच कौशल्य त्याला सर्वाधिक उपयोगी पडे. त्यामुळे मुलाच्या चित्राकडे पाहण्यापेक्षा मुलांनी आपल्या चित्राकडे पाहावे, ही सवय शिक्षकाच्या अंगी नोकरीपूर्वीच मुरत असे.

याच तुटवड्याला वेगळे उत्तर वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे शोधले गेले. गांधीजींच्या नयी तालीम या विचारानुसार, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण या तत्त्वावर, चालणाऱ्या तेथील शाळेत शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ पासून कलाशिक्षक होते. त्यांच्या दृष्टीने कला हा शिक्षणाचा पाया होता आणि मुलाची अभिव्यक्ती नमुन्याच्या अचूक नकलेहून मोलाची होती. साधने येथेही साधीच होती, पण साधेपणातून निघालेला निष्कर्ष उलटा होता. सेवाग्रामचा हा प्रयोग राज्याच्या शिक्षक-प्रशिक्षणाचा कणा झाला नाही, कारण त्याचे मोजमाप गुणपत्रिकेत बसत नव्हते, आणि चित्रकलेच्या शिक्षकाचे शाळेतील स्थान मात्र श्रेणी परीक्षेच्या निकालावरच टिकून होते.

ते स्थान पुढेही भक्कम झाले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाची तरतूद आहे, परंतु ती शंभरहून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळांपुरती आणि अंशकालीन निदेशकाची आहे.