संगाथ : ओपीडीत एक खुर्ची वाढली त्याची गोष्ट

अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, हातापायांत त्राण नाही, रात्रभर डोळा लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत अशा तक्रारी घेऊन आलेल्या बाईच्या हाती बहुतेक वेळा बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, एखादं अँटिबायोटिक आणि ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ एवढंच पडतं. उत्तर गोव्यातल्या हळदोणे आरोग्य केंद्राच्या परिसरात ‘संगाथ’ या संस्थेने सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. ‘स्त्री आरोग्य शोध’ असं त्या प्रकल्पाचं नाव. पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी अधिक घट्ट असल्याचं त्यात दिसलं. हा त्रास कुणाला जास्त होता हे पाहू गेल्यावर पैशांची ओढाताण आणि नवऱ्याची मारहाण समोर आली. नैराश्याचे रुग्ण डॉक्टरांकडे येत होतेच, रांगेत उभं राहून केसपेपर काढत होते. त्यांचं दुखणं मात्र त्या केसपेपरवर उतरत नव्हतं.

संगाथची स्थापना 1996 सालची. मुंबईत वैद्यकीचं शिक्षण घेतलेले, पुढे इंग्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ झालेले डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे काही सहकारी यांनी ती गोव्यात सुरू केली. सुरुवातीचं काम लहान मुलांच्या वाढीच्या अडचणी आणि कुटुंबांना मार्गदर्शन असं होतं. पटेल त्याआधी झिम्बाब्वेत काम करून आले होते. मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असलेल्या त्या देशात, साध्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांमधलं नैराश्य त्यांनी जवळून अभ्यासलं होतं. 2003 साली आलेल्या त्यांच्या ‘व्हेअर देअर इज नो सायकायट्रिस्ट’ या पुस्तकाच्या नावातच पुढच्या कामाची दिशा आहे.

मानसिक उपचार मनोरुग्णालयाबाहेर काढण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हती. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस यांनी 1933 मध्ये आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात के. आर. मसानी यांनी 1938 मध्ये सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराची सोय केली. 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, बेळ्ळारीत त्याचा नमुना उभा राहिला आणि 1996 मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. पण त्याचा सगळा भर डॉक्टरांना थोडं प्रशिक्षण देणं आणि औषधं पोचवणं यावर. त्यातून तीव्र आजाराच्या काही रुग्णांची सोय झाली. कंबरदुखी सांगणारी बाई तिथेच राहिली. शंभर रुग्ण तपासायचे असताना डॉक्टर एकेकाला किती वेळ देणार?

संगाथचं पहिलं मोठं पाऊल निम्मंच पडलं, आणि माझ्या मते या वाटचालीतला सर्वांत उपयोगी टप्पा तोच. गोव्यातल्या दोन जिल्हा रुग्णालयांच्या ओपीडीत त्यांनी 450 रुग्णांवर चाचणी घेतली. काहींना नैराश्यावरची गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, तर काहींना बोलून करायचे उपचार. निष्कर्ष 2003 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोन महिन्यांनी औषधाचा फायदा स्पष्ट दिसला. बोलून केलेले उपचार मात्र खोट्या गोळीच्या पुढे जाऊ शकले नाहीत. समुपदेशनावर भिस्त ठेवणाऱ्या संस्थेने असा निकाल दडवला असता तरी कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. संगाथने तो छापला आणि पुढच्या प्रयोगाची आखणीच वेगळी केली.

तो प्रयोग म्हणजे ‘मानस’, अर्थात ‘मनशांती सुधार शोध’. 2007 ते 2009 या काळात 12 सरकारी आरोग्य केंद्रं आणि 12 खासगी दवाखाने मिळून 2,796 रुग्ण त्यात होते. ओपीडीत आलेल्यांना आधी साधी प्रश्नावली विचारायची. ज्यांचा त्रास दिसेल त्यांची गाठ लगेच तिथल्याच आरोग्य समुपदेशक ताईशी घालून द्यायची. या ताई स्थानिक, पदवीपर्यंत शिकलेल्या. मानसशास्त्राचा गंध नसलेल्या या मुलींना सुमारे दोन महिने शिकवून तयार केलेलं. आजार समजावून सांगणं, श्वासाचे व्यायाम, गरज पडली तर डॉक्टरांकडून गोळी, पुढे अधिक बैठका आणि अगदीच अवघड असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, अशा पायऱ्या होत्या. तुलनेसाठी निवडलेल्या केंद्रांतल्या डॉक्टरांनाही प्रश्नावलीचा निकाल दिला जात होता. त्यामुळे नुसतं ‘डॉक्टरांना कळलं’ म्हणून फरक पडला असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

सरकारी केंद्रांत निदान पक्कं झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी 65.9 टक्के बरे झाले; जिथे ताई नव्हत्या तिथे 42.5 टक्के. शिवाय हा प्रकार महागही पडला नाही. खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक नव्हता. तिथे नेहमीच्या उपचारांवरच रुग्ण तितकेच सुधारत होते! यावर पुष्कळ खल झाला. वर्षानुवर्षं घर ओळखणारा, सासू कशी आहे हे ठाऊक असलेला फॅमिली डॉक्टर नकळत समुपदेशकाचंच काम करत असावा, हे स्पष्टीकरण मला पटतं. सरकारी डॉक्टरची बदली होते, रांग मात्र हलत नाही. तिथे ताईंच्या खुर्चीने जी जागा भरली ती औषधाने भरण्यासारखी नव्हतीच.

तरीही ‘मानस’मध्ये गोष्टी फार होत्या. म्हणून पुढच्या ‘प्रीमियम’ या प्रकल्पात उपचार छाटून सुटसुटीत केले. तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ बैठका, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. बैठकीत काय होतं? समजा एखादी बाई दिवसभर खाटेवर पडून असते. ताई तिच्या बालपणात शिरत नाहीत. काल सकाळपासून काय काय केलं आणि त्या वेळी मन कसं होतं, एवढं विचारतात. मग पुढच्या आठवड्यासाठी दोनच गोष्टी ठरतात : संध्याकाळी बहिणीला फोन, सकाळी अंगणापर्यंत तरी जायचं. चित्रांच्या पुस्तिकेत खूण करायची. जमलं नाही तर का जमलं नाही, तिथून पुढची बैठक सुरू.

या ताईंवर देखरेख कुणाची? बैठका ध्वनिमुद्रित व्हायच्या. समुपदेशक एकत्र बसून एखादं ध्वनिमुद्रण ऐकायचे आणि आपल्याच सहकाऱ्याच्या कामाला गुण द्यायचे. घाईने सल्ला दिला का, रुग्णाला बोलू दिलं का, घरचा अभ्यास तपासला का. सरावानंतर त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळू लागले. तज्ज्ञच कमी असलेल्या देशात ही युक्ती मूळ उपचाराइतकीच मोलाची आहे.

निकाल 2017 च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. 10 आरोग्य केंद्रं, 495 रुग्ण. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर, इतरांपैकी 39 टक्के. अपायकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांवर डॉ. अभिजित नाडकर्णी यांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीतही दारूपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत 42 टक्के होतं, इतरांत 18 टक्के.

दरम्यान हेच काम महाराष्ट्रातही पोचलं होतं. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे सुरुवातीला 4.3 टक्के होते. दीड वर्षात ते 27.2 टक्के झाले. सहापट वाढ खरीच, पण चौघांतले जवळपास तिघे अजून बाहेरच होते, हेही तेच आकडे सांगतात.

त्यानंतर मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात गोव्याचेच उपचार आशाताईंना मोबाइलवरच्या अभ्यासक्रमातून शिकवता येतात का, हे तपासण्याचं काम संगाथने हाती घेतलं. सरकारने आरोग्य व वेलनेस केंद्रांच्या सेवांत मानसिक आरोग्य धरलं आहे. 2022 पासून 14416 या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही फोनवरची सेवाही आहे. नाव गोव्याच्या प्रयोगाशी जुळतं, एवढंच. मला एक शंका आहे. प्रकल्पात ताईंना पगार होता, ठरलेला वेळ होता आणि ध्वनिमुद्रणं ऐकायला सहकारी होते. आशाताईंना कामागणिक मोबदला मिळतो आणि लसीकरणापासून बाळंतपणापर्यंतची यादी त्यांच्या डोक्यावर आधीच आहे. अभ्यासक्रम मोबाइलवर जाईलही. पण कंबरदुखी सांगणाऱ्या त्या बाईसमोर अर्धा तास बसण्याचे पैसे आणि नंतर ते काम ऐकून तपासण्याची सोय आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकात वेगळी धरावी लागेल.