व्हेज की नॉनव्हेज? : गूळ-मिरचीच्या कोंबडीमागचा आपला इतिहास

अमरावतीत किंवा अकोल्यात स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी खोली शोधणाऱ्या आपल्या पोरीला घरमालक आधी काय विचारतो? जात विचारत नाही, कारण कायद्याची भीती असते. तो विचारतो, "व्हेज की नॉनव्हेज?" आडनावावरून जे अर्धवट कळलेले असते, ते या प्रश्नाने पुरते कळते. मग "आमच्याकडे वास चालत नाही" एवढे एक वाक्य पुरते. दार बंद होते आणि कुठल्याही कायद्याखाली गुन्हा दाखल होत नाही.

हीच पोरगी कुठेतरी खोली मिळाली की रविवारी मोबाईलवर पाहून अर्ध्या तासात गोड-तिखट चिकन करते. अर्धा किलो चिकनचे लहान तुकडे, त्याला मीठ, हळद, आले-लसूण. पसरट कढईत तेल तापवून मोठ्या आचेवर तुकडे आठ-दहा मिनिटे परतायचे, कांदा घालायचा, मग दोन चमचे लाल तिखट, दोन चमचे किसलेला गूळ आणि वरुड-मोर्शीकडच्या एका संत्र्याचा रस. रस आटून गुळाचा पाक तुकड्यांना चिकटला की गॅस बंद. जास्त आटवला तर रस कडवट होतो. सोबत ज्वारीची भाकर. भांडे एकच, घासायलाही एकच.

यात इतिहास कुठे आला, असे कोणी विचारेल. या कढईतली प्रत्येक वस्तू आपल्याला भांडून मिळाली आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी मांस घ्या. जुन्या वऱ्हाडात गावात ढोर मेले की ते ओढून नेण्याचे काम महाराचे. त्याचे मांस हा त्याचा 'हक्क'. गावाने आपली घाण उचलायला लावायची आणि त्यालाच हक्क म्हणायचे, ही बलुतेदारीची खुबी. त्या मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या, त्या चान्या पावसाळ्यात पुरवून खायच्या. सोबत दारोदार मागून आणलेली शिळी भाकर. ताजे मांस, तेही स्वतःच्या पैशाने विकत आणलेले, ही चैन होती. आणि गोड? गूळ हा सणाचा पदार्थ, तोही ज्याच्या घरी दाणे असतील त्याचा.

१९ मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्या तुकड्यांची भीक सोडा. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्यावर मोर्चा गेला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते आपल्या अमरावतीला आले. पाणी, मंदिर आणि ताट हे तिन्ही प्रश्न एकाच वर्षात पुढे आले, हा योगायोग नव्हता. तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न होता : माणूस म्हणून आमची किंमत कोण ठरवणार?

महाडच्या या आवाहनाचा आज सोयीस्कर अर्थ लावला जातो. "बघा, आंबेडकरही मांस सोडा म्हणाले होते." साफ खोटे. त्यांनी मांस सोडायला सांगितले नाही, लाचारी सोडायला सांगितली. फेकलेले खाऊ नका, कमावून खा, असा त्याचा अर्थ आहे. 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथात तर त्यांनी गोमांसाचा संबंध थेट अस्पृश्यतेच्या उगमाशी जोडला. एके काळी गाय मारून खाणाऱ्यांनीच पुढे ती पवित्र ठरवली आणि मेलेल्या गाईचे मांस खाण्यावाचून पर्याय नसलेल्यांना अपवित्र ठरवले, ही त्यांची मांडणी. म्हणजे ताटातला पदार्थ मुळात शुद्ध किंवा अशुद्ध नसतो. ज्याच्या हातात सत्ता, तो शिक्का मारतो.

याचा पुरावा आपल्याच कढईत आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांसाठी निषिद्ध पदार्थांची यादी आहे. त्यात लसूण आहे, कांदा आहे आणि गावातला कोंबडाही आहे. जाणूनबुजून खाणारा पतित होतो, असे तिथे म्हटले आहे. आज तोच कोंबडा लसूण-कांद्यासकट अमरावतीच्या मोठ्या हॉटेलात चारशे-पाचशे रुपयांना मिळतो आणि कोणीही पतित होत नाही. पैसेवाल्याच्या ताटातली कोंबडी 'डिश' होते, आपल्या खोलीतल्या कोंबडीचा मात्र 'वास' येतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. तिची ही यादी अजून घरमालकांच्या डोक्यात शाबूत आहे.

इथे गाडगेबाबांचे नाव निघणारच. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे बाबा. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस आणि दारू देण्याऐवजी त्यांनी गोड जेवण दिले, ही कथा वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा आयुष्यभर पशुबळीच्या विरोधात बोलले. त्यांचा आदर ठेवूनच सांगायला हवे की त्यांच्या कीर्तनात मुक्या जिवाविषयीच्या कळवळ्याइतकाच कर्जाचा हिशेबही असायचा. सावकाराकडून पैसे काढून बोकड कापणाऱ्या माणसाला ते हलवत होते. त्यांच्या झाडूने कोणाला खोली नाकारली नाही. त्यांच्या नावाचा वापर करून 'गोडाचे जेवण वरचे, तिखटाचे खालचे' अशी उतरंड रचणे हा बाबांचा अपमान आहे.

आपल्यातलेही काही उपासक म्हणतात, बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे, मग चिकन कशाला? ज्याला सोडायचे त्याने जरूर सोडावे, तो त्याचा शीलाचा निर्णय. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी जीव घेण्याची हौस आणि जीव घेण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा त्यांच्या दृष्टीने तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. शाकाहार हे आपल्यातच नवे सोवळे होऊ लागले, तर आपण धम्म सोडून पुन्हा वर्णाकडे निघालो आहोत असे समजावे.

आता वेळेचा इतिहास. गावरान कोंबडा शिजवायचा म्हणजे आपल्या आईला सगळी दुपार लागे. मजुरीवरून यायचे, चूल पेटवायची, पाट्यावर मसाला वाटायचा, तर्री येईपर्यंत धुरात बसायचे. आणि तिच्या वाट्याला शेवटी रस्साच उरायचा. १९७० नंतर वेंकटेश्वरा हॅचरीजसारख्या कंपन्यांमुळे ब्रॉयलर कोंबडी गावोगाव पोचली. ती साधारण सहा आठवड्यांत वाढते आणि वीस मिनिटांत शिजते. तिला गावरानची चव नाही, हे खरे. पण अभ्यास करणाऱ्या पोरीला पोटभर प्रथिने मिळून वर दोन तास वाचतात, याची किंमत चवीपेक्षा मोठी आहे.

म्हणूनच आजच्या बंद्यांकडे नीट पाहा. २०१५ मध्ये राज्याने बैल-वळूंच्याही कत्तलीवर बंदी आणली. गरिबाचे स्वस्त मांस गेले आणि भाकड बैलाचा बोजा वऱ्हाडातल्या शेतकऱ्यावर पडला. २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवली, नागपूर, मालेगाव या महापालिकांनी मांसाची दुकाने बंद ठेवायला लावली. स्वातंत्र्यदिनीच ताटावर पहारा! मेळघाटातल्या कुपोषित लेकरांच्या राज्यात अंड्याला पैसे नाहीत, पण पावित्र्य राखायला हुकूम आहेत.

तेव्हा खोली पाहायला जाणाऱ्या पोरींनो, "व्हेज की नॉनव्हेज?" या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नका, असे मला म्हणावेसे वाटते. पण डोक्यावर छप्पर हवे असते, हेही मला कळते. म्हणून ही जबाबदारी आधी आपली, या शहरांत घरे बांधलेल्यांची. नोकरी लागली, दोन मजले चढवले आणि आपणही दारावर 'फक्त शाकाहारी' अशी पाटी लावली, तर महाडला कोण कशासाठी गेले होते? ती पाटी काढा. वरच्या मजल्यावरून गूळ-मिरचीचा वास येऊ द्या. तो कोणाच्या उपकाराचा नाही, आपल्या कमाईचा वास आहे.

जय भीम!